लाळ: मिरचीमुळे

परवा सकाळी ऑफिसला निघाले, स्कूटी पथाऱ्यांच्या रस्त्याला वळली आणि मला लागोपाठ पाच शिंका आल्या. झालं, सीझन सुरू. नंदुरबारला हिवाळा थंडीने कळत नाही, नाकाने कळतो. गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनींवर मिरची वाळत घालतात, त्याला आम्ही पथारी म्हणतो, आणि एकदा पथाऱ्या भरल्या की पुढचे दोन-तीन महिने सगळं गाव खोकतं. दुकानदार खोकतो, गिऱ्हाईक खोकतं, भाव त्या खोकल्यातच ठरतो. बाहेरगावचे लोक गाडी थांबवून फोटो काढतात. खाली लाल, वर निळं, मध्ये कुणीतरी ओढणी उडवत उभी. मीही काढलेत. माझ्या फोनमध्ये तसा एक व्हिडिओ अजून आहे. मी हात पसरून गोल फिरतेय, आणि मागे, नीट बघितलं तर, काही माणसं वाकून मिरची पलटी करताहेत. तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. आता तो व्हिडिओ थांबवते, मोठा करते आणि एकेकाची पाठ बघत बसते. त्यातले कुणी याकोब बाबा असतील का म्हणून. कळत नाही. पाठीवरून काय कळणार.

थांबा, मी नेहमीसारखी मधूनच सुरू झाले. आधी ट्रेनिंगचं सांगते.

मी जनावरांच्या रोगनिदानाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. शेण, रक्त, दूध, हे आमचं रोजचं. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत निरोप आला की मॅड काऊचं ट्रेनिंग आहे, तुमची निवड झाली. मी किती खूश झाले होते सांगू. मॅड काऊ म्हणजे गायीच्या मेंदूला बारीक बारीक छिद्रं पडत जातात, स्पंजसारखी. गाय दचकायला लागते, लडखडते, लाथा मारते आणि मरते. तिकडे परदेशात मेलेल्या जनावरांची हाडं-मांस दळून गायींच्या खाद्यात घातली, त्यातून पसरला. आपल्याकडे हा रोग नाही. मग ट्रेनिंग कशाला, तर नाही हे नुसतं म्हणून चालत नाही, तपासून दाखवावं लागतं. कुठेही गाय अशी डोकं फिरल्यासारखी करून मेली की तिच्या मेंदूचा नमुना काढायचा, पाठवायचा, आणि दरवेळी नाही, नाही, नाही असं उत्तर येऊ द्यायचं. मला ही कल्पनाच भारी वाटली. नसलेल्या गोष्टीवर नजर ठेवायची नोकरी.

मोठ्या लॅबमधून शिकवायला आलेले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमच्यापैकी कुणालाही आयुष्यात ही केस मिळणार नाही. तरी प्रत्येक वेळी मिळेल असं समजूनच काढायचं." आम्ही चौदा जण होतो. चौदाही जणांनी फक्त दुसरं वाक्य ऐकलं.

आणि हो, सगळ्यात आधी सुया. मेंदूचं काम म्हटलं की रेबीजची लस आधीच घ्यावी लागते, कारण ज्या डोक्यात तुम्ही हात घालणार त्यात काय असेल सांगता येत नाही. ट्रेनिंगच्या आधीच्या महिन्यात आम्हाला तीन-तीन सुया दिल्या. प्रत्येक सुईनंतर एक हात दिवसभर जड. आम्ही ग्रुपवर रडके चेहरे टाकत होतो. एकीने तर डबा उचलवत नाही म्हणून सुट्टी मागितली होती. हे लक्षात ठेवा. मी विसरले होते.

मेंदूचा शेवटचा बोटभर तुकडा, जिथून तो मानेत उतरतो, तेवढाच हवा असतो. कवटी फोडायची नाही. डोकं मानेपासून वेगळं केल्यावर मागे जे भोक दिसतं त्यातून एक लांब चमचा आत सरकवायचा, कडेकडेने गोल फिरवायचा आणि तो तुकडा अख्खा बाहेर घ्यायचा. नीट निघाला तर त्यावर इंग्रजी व्हीसारखी खूण दिसते. तो व्ही म्हणजे सगळं. तो फाटला की नमुना गेला.

तो खास चमचा आला होता एकच. चौदा माणसं, एक चमचा, आणि प्रत्येकाला सराव हवा. तेव्हा आमच्या लॅबचे शिपाई भिका आप्पा, ज्यांनी माझ्या जन्माच्या आधीपासून मेलेली जनावरं फाडलीत, मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, तुन्हा घरमा लोणचानी बरणी शे ना? तेन्हा लांब चमचा लई ये." मी दुसऱ्या दिवशी पिशवीतून नेला. आप्पांनी त्याच्या कडा कानशीने घासल्या, दांडा थोडा वाकवला, फुंकर मारून माझ्या हातात दिला. खास चमच्यापेक्षा बरा चालायचा. म्हशींची डोकी आणली होती सरावाला, आणि मला तिसऱ्या डोक्यातच अख्खा व्ही मिळाला. सगळ्यात आधी मला. सर म्हणाले, "हात हलका आहे तुझा."

घरी आई बरणीपाशी. "मन्हा लोणचाना चमचा कोठे गया?"

"लॅबमध्ये आहे."

"लॅबमा लोणचं खातस का तुम्ही?"

मी इतकी हसले की मला सांगताच येईना.

ट्रेनिंग संपून दोन आठवडे झाले असतील. चिंचपाड्याच्या पुढे, डोंगराच्या कडेला एक पाडा आहे, तिथून फोन. गाय चार दिवस वेड्यासारखी करून मेली. आमच्या डॉक्टरांकडे तेव्हा दोन तालुक्यांचा चार्ज, ते फोनवरच म्हणाले, "तू आप्पाला घेऊन जा. तुझं ट्रेनिंग ताजं आहे." जीपमध्ये मी सगळा रस्ता बोलत होते. आप्पा, असलीच तर? आप्पा, आपल्या जिल्ह्यात सापडली तर? आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सापडनी तं चांगलं का वाईट?" मी म्हटलं, "तसं नाही हो." पण तसंच होतं. मला ती केस हवी होती. दुसऱ्या कुणाला मिळायच्या आधी मला.

गाय घरामागे आंब्याखाली पडली होती. पांढरी, कपाळावर एक काळा ठिपका, नाव टिकली. घरात याकोब बाबा, त्यांची सून एस्तेर आणि तिची दोन लहान मुलं. एस्तेरचा नवरा ऊसतोडीला गुजरातमध्ये. बाबा साठीच्या पुढचे, हडकुळे, एकदम मऊ बोलणारे. मिरचीच्या सीझनला ते नंदुरबारला पथारीवर कामाला जायचे आणि दर शनिवारच्या गाडीने घरी यायचे, रविवारी चर्चला जायचं म्हणून. घरात ते त्यांच्या बोलीत बोलायचे, माझ्याशी मात्र शाळेतल्यासारखं जपून जपून मराठी. मी फॉर्म काढला आणि विचारायला लागले. वय काय, दात किती, खायला काय घालत होतात, कधीपासून आजारी.

"शनिवारी मी आलो," बाबा म्हणाले, "तर ही खात नव्हती. मान लांब करून उभी. मला वाटलं, घशात काहीतरी अडकलंय. कोय अडकली असेल नाहीतर फडकं. म्हणून हात घातला आत. इथपर्यंत." त्यांनी कोपर दाखवलं. "काही लागलं नाही हाताला."

आप्पा म्हणाले, "पोरी, कुत्रं-बित्रं चावनं व्हतं का, इचार त्यास्ले."

"कुत्रं नाही बघितलं कुणी," एस्तेर म्हणाली.

मी आप्पांकडे वळून जरा शिकवल्यासारखंच म्हटलं, "आप्पा, पिसाळलेलं जनावर चावलं असतं तर लाळ गळाली असती ना."

"लाळ गळत होती," बाबा म्हणाले. "तोंडातून धार. पण ती माझ्यामुळे. मी पथारीवरून आलेलो, हाताला मिरची. तसाच हात घातला तिच्या तोंडात. तिला झोंबलं." आणि त्यांना त्या मेलेल्या गायीचं खरंच वाईट वाटत होतं, तिला झोंबवल्याबद्दल. त्यांनी हात पुढे करून दाखवले. बोटांची सालं निघालेली, लालबुंद, जागोजागी फुटलेली. मिरची पलटून पलटून सगळ्यांचेच होतात.

आप्पा हसले. "म्हतारानी गायले मिरची खावाडी दिधी."

बाबा हसले. एस्तेर हसली. मी हसत हसत फॉर्मवर लिहिलं. लाळ: मिरचीमुळे. शेवटच्या रकान्यात, इतर माहिती, मालकाने तोंडात हात घातला होता. स्वच्छ अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे.

मग मी तयार झाले. एप्रन, दोन हातमोजे एकावर एक, तोंडाला मास्क, वर प्लास्टिकची पारदर्शक ढाल. मुलं मला बघून आईच्या मागे लपली. आप्पांनीही हातमोजे चढवले, डोकं वेगळं केलं. ते उतारावर नीट राहीना, चमचा फिरवला की घरंगळायचं. तेव्हा याकोब बाबा पुढे आले, उकिडवे बसले आणि त्या फुटलेल्या बोटांनी टिकलीचं डोकं दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं. "घे," म्हणाले. मी म्हटलं, "हां, असंच धरा बाबा, हलवू नका." असं म्हटलं मी. प्लास्टिकच्या आडून.

आणि व्ही निघाला. अख्खा, कुठे चीर नाही, पुस्तकात असतो तसा. नियम असा होता की त्याचे दोन भाग करायचे, अर्धा बर्फात, अर्धा फॉर्मलीनच्या बाटलीत. बर्फातला ताजा भाग रेबीजच्या तपासणीला लागतो, फॉर्मलीनमधला मॅड काऊच्या. मी सुरी हातात घेतली आणि ठेवून दिली. इतका सुंदर नमुना कापायचा? सरांना अख्खा दिसायला हवा. मी त्याचा फोटो काढला आणि पूर्ण तुकडा फॉर्मलीनमध्ये सोडला. फॉर्मवर दोन चौकटी होत्या, रेबीज आणि मॅड काऊ. मी एकीतच टिक केली. लाळ मिरचीमुळे होती ना.

चिंचपाड्याला जीप पोचली, रेंज आली, फोटो ग्रुपवर टाकला. तेरा जणांचे तेरा अंगठे. सरांचा मेसेज, 'टेक्स्टबुक.' मी तो स्क्रीनशॉट घरी आईला दाखवला. आई म्हणाली, "काय शे हाई?" मी म्हटलं, "तुझ्या चमच्याची कमाल."

हे सगळं मी इतक्या भराभर टाइप करतेय कारण हळू केलं तर थांबेन. मला आता कळत नाही की कुठली एक गोष्ट बदलली असती तर पुरलं असतं. तो तुकडा कापला असता तर. दुसऱ्या चौकटीत टिक केली असती तर. किंवा काहीच न तपासता, नुसतं माणसासारखं म्हटलं असतं, बाबा, तुमचे हात फुटलेत, साबणाने धुवा आणि आजच्या आज दवाखान्यात जाऊन सुया घ्या. दवाखाना लांब नव्हता. लस होती. मला सगळं माहीत होतं हो, हेच तर आहे. पिसाळलेल्या जनावराच्या घशात काही अडकल्यासारखं वाटतं, लोक हात घालून बघतात, हे सरांनी शिकवलेलं, माझ्या वहीत आहे. खाली दोन रेघा मारल्यात.

दीड महिन्याने रिपोर्ट आला. मॅड काऊची चिन्हे आढळली नाहीत. मागितलं तेवढंच तपासलं होतं, बाकी काही नाही. मी लगेच एस्तेरला फोन लावला, चांगली बातमी पहिल्यांदा आपणच द्यावी अशी माझी सवय.

"एस्तेर, रिपोर्ट आला. काही निघालं नाही. गाय चांगली होती."

"मेली ती," एस्तेर म्हणाली.

"म्हणजे तो मोठा रोग नव्हता."

"बरं." मग म्हणाली, "ताई, एक विचारू का? बाबा दोन दिवस झाले पाणी पीत नाहीत. तहान आहे म्हणतात, पेला तोंडाशी नेला की ढकलतात. घशात काहीतरी अडकलंय म्हणतात."

मी उभी होते. माझ्या हातात तो रिपोर्ट होता. बाहेर कुणीतरी मिरचीने शिंकत होतं.

त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं, आणि ओळखून काही उपयोग नसतो, एकदा सुरू झालं की नसतो. मी गेले होते. दारातूनच बघितलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं, तेवढ्या आवाजाने बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि अंग आवळून घेतलं. मला वाटलं होतं ते मला काही म्हणतील. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे, शेवटचं बघितलं तेव्हा मी मास्क आणि ढालीच्या आड होते. चौथ्या दिवशी बाबा गेले. घरातल्या सगळ्यांना सुया दिल्या, पोरांनाही. टिकलीला नेमकं काय झालं होतं ते कागदावर आजही नाही. तो अख्खा तुकडा फॉर्मलीनमध्ये होता.

मला कुणी काही बोललं नाही. मेमो नाही, चौकशी नाही. मी स्वतः आमच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं, फॉर्मची झेरॉक्स पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, घडी घालून परत दिली. मग म्हणाले, "तुला जे काम दिलं होतं ते तू बरोबर केलंस." आप्पा निवृत्त झाले. जायच्या दिवशी मला म्हणाले, "हसनू मी. तठेच हसनू." बस, एवढंच. मी कुठे सांगू की आप्पा, मीही.

आता या सीझनला नव्या लोकांचं ट्रेनिंग आहे आणि शिकवायला मी. सरांनी माझं नाव सुचवलं. माझा तो फोटो आता त्यांच्या स्लाइडवर आहे, नमुना कसा असावा म्हणून. दर बॅचला दाखवतात. काळ्या पडद्यावर तो व्ही हातभर मोठा होतो, आणि खालच्या कोपऱ्यात, अर्धवट कापलेली, दोन बोटं दिसतात. हातमोजा नसलेली. लाल. परवा मी ती स्लाइड दाखवली आणि म्हटलं, ही बोटं बघा. एक मुलगी, माझ्यासारखीच, पहिल्या बाकावर, म्हणाली, "मॅडम, फोटो क्रॉप करायला हवा होता." मग म्हणाली, "पण काय व्ही आलाय. आम्हाला एक तरी खरी केस मिळायला पाहिजे." सगळे हसले. तिला काय सांगू? सांगितलं मी सगळं. तिने वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

फॉर्मवर माणसासाठी रकाना नाही, म्हणून मी गेल्या वर्षी प्रत्येक कोऱ्या फॉर्मच्या समासात पेनाने लिहायला लागले, घरातल्या कुणाचा हात लागला होता का, त्यांना सुई दिली का. तालुक्यांतून फॉर्म भरून येतात. त्या जागी सगळे एकच शब्द लिहितात. निरंक. सगळीकडे निरंक. जणू गायी माणसांशिवाय मरतात. मग मी प्रत्येक घरी फोन लावून विचारते. कधी लागतो, कधी स्विच ऑफ.

गेल्या रविवारी एस्तेरकडे गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. शुक्रवारी नव्या बॅचला तिसरी सुई दिली, त्यात माझीही एक वाढीव होती. हात ठणकत होता. गाडीतून उतरून पाड्यावर चालत गेले. आंब्याखाली आता कोंबड्यांचं खुराडं आहे. एस्तेर चर्चहून नुकतीच आली होती, चांगल्या साडीतच चुलीपाशी बसली, मला खाट दिली, तिची धाकटी माझ्या मांडीवर चढायला लागली. मी तिला उचलताना कळवळले.

"हाताला काय झालं ताई?"

"काही नाही. सुई घेतली."

"कसली?"

मी खोटं बोलू शकले असते. तापाची म्हणाले असते.

"कुत्र्याची. आम्हाला घ्यावी लागते. कामाच्या आधी."

तिने चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला. "दर वेळी घेता?"

"पहिल्यांदा ट्रेनिंगच्या आधी तीन घेतल्या होत्या. मग अधूनमधून."

"म्हणजे टिकलीच्या वेळी," ती म्हणाली, "तुमची घेऊन झालेली होती. आधीच."

"हो."

"आप्पांची पण?"

"हो."

ती तिथेच बसून राहिली, माझ्या हाताकडे बघत. रागाने नाही. एखादं गणित पुन्हा करून बघावं तसं. मला वाटलं आता विचारेल. मी त्यासाठीच आले होते बहुतेक, तिने विचारावं म्हणून. घरात चार माणसं होती त्या दिवशी, आणि तुम्ही दोघं सुया घेऊन, हातमोजे घालून आलात, आणि डोकं धरायला बाबांना बसवलंत, असं.

"बरं केलं," एस्तेर म्हणाली. "तुम्हाला काही झालं असतं तर."

मग ती उठली, आत गेली, आणि मला आतून माठातलं पाणी पेल्यात ओतल्याचा आवाज आला. माझ्यासाठीच आणत होती.